सावडल्याशिवाय खात्री नाही

माझं काम असं की माणूस गेल्यावरच मला बोलावणं येतं. अमरावतीत मी अंत्यविधी करतो. राख सावडणं, दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध, सगळं. लग्नामुंजीला मला कोणी बोलावत नाही, सत्यनारायणालाही नाही. ज्यांच्या बापाचं सगळं मी यथासांग केलं, तेच लोक पाडव्याच्या सकाळी मी समोरून येताना दिसलो की गल्ली बदलतात. मी मनाला लावून घेत नाही. लोक माझ्याकडे संशयानं पाहतात, मीही लोकांकडे तसाच पाहतो, म्हणजे फिटंफाट.

तसा माझा स्वभाव मुळातच संशयी. भाजीवाल्यानं वरून चार मिरच्या जास्त टाकल्या तर मी आधी खालची वांगी तपासतो. आमच्या घरात दोन घड्याळं आहेत, कारण एकट्या घड्याळावर माझा भरवसा नाही. बायको म्हणते, "तुमी त देवाले बी साक्षीदार आणा म्हणसान." ती हे हसून म्हणायची. तिच्या हसण्यावर मात्र मी कधी संशय घेतला नाही, एवढं मला लिहून ठेवायचं आहे.

आता रॉडचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला जातो तेव्हा चितेवर पाणी आणि दूध शिंपडून अस्थी वेचायच्या असतात, पायाकडून सुरुवात करून डोक्याकडे जायचं. मी या कामाला लागलो तेव्हा राखेत फार तर सोन्याचा दात किंवा तोंडात ठेवलेला मणी सापडायचा. हल्ली मांडीच्या जागी हात गेला की काहीतरी लांब लागतं. रॉड. कधी पट्टी आणि सहा-सात स्क्रू, कधी खुब्याचा पूर्ण गोळा, चकचकीत असणार पूर्वी, आता निळसर काळा. घरचे लोक दचकतात. त्यांना ऑपरेशन आठवत असतं, बाप वॉकर घेऊन चालायचा हे आठवत असतं, पण आतली वस्तू त्यांनी कधी पाहिलेली नसते. मग मला विचारतात, "महाराज, हे काय करा लागते?" शास्त्रात रॉडबद्दल काही सांगितलेलं नाही. मी आपल्या मनानं सांगतो, देहात होतं ते देहासंगं जाऊ द्या. बरेच जण अस्थींबरोबर कौंडण्यपूरला नेऊन वर्धा नदीत सोडतात. काहींना ते नकोसं वाटतं, ते तिथंच टाकून जातात.

इतकी वर्षं पाहून पाहून माझी नजर तयार झाली. हलका निघाला आणि त्यावर जांभळे-पिवळे डाग असले तर तो टायटॅनियमचा, जड आणि काळपट निघाला तर स्टीलचा. मधून मोडलेला रॉडही मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा मला त्या म्हाताऱ्यांचं शेवटचं कण्हणं समजलं. डॉक्टर ऑपरेशन करतो, एक्स-रे दाखवतो, हात धुतो. पण त्याचं काम खरं कसं झालं ते शेवटी माझ्या हाताला लागतं. याचा मला, खरं सांगायचं तर, थोडा गर्वच होता.

आणि एक प्रसंग मनात रुतून बसला होता. नांदगाव खंडेश्वरकडचे एक गृहस्थ, दोन्ही खुब्यांचं ऑपरेशन झालेलं, मुलांनीच मला सांगितलं होतं. राखेत मात्र एकच रॉड सापडला. मी दुसऱ्यांदा राख चाळली, तिसऱ्यांदा चाळली. नव्हता. मुलांना मी काही बोललो नाही. पण त्या दिवसापासून माझ्या डोक्यात बसलं की आत काय टाकतात, टाकतात की नाही, हे माणूस जळल्याशिवाय कळत नाही.

बायको पडली ती अकोल्याला, मुलीच्या घरी. गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरत होती. हातात ढीग, त्यामुळे पाय दिसत नव्हता. जिना संपला असं वाटून तिनं पाऊल टाकलं आणि एक पायरी शिल्लक होती. एका पायरीनं खुब्याचं हाड मोडलं. वय सदुसष्ट.

मुलीचा फोन आला तेव्हा मी चांदूर बाजारजवळ एका शेतकऱ्याच्या घरचा दहावा करत होतो. पिंड मांडलेले आणि कावळा शिवायला तयार नव्हता. घरचा मोठा मुलगा हात जोडून एकेक कबूल करत होता, बहिणीचं करीन, वाटणी करीन, गाय विकणार नाही. कावळा आंब्याच्या फांदीवर बसून मान वाकडी करून पाहत होता. फोनवर मुलगी रडत होती, "बाबा, आई पडली." मी म्हणालो, "कावळा शिवला की बोलतो." असा माणूस आहे मी. शेवटी तासाभरानं शिवला. पुढे तेरावा होईपर्यंत त्या घरून मला निघता येईना, माझ्या जागी उभं राहायला दुसरा कोणी नव्हता. अकोल्याला पोचलो तेव्हा ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते आणि कागदांवर सह्या मुलीनं करून टाकल्या होत्या.

वॉर्डात शिरलो तशी समोरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सून माझ्याकडे टक लावून पाहू लागली. मग ती नवऱ्याच्या कानाशी लागली. अमरावतीची असणार, तिच्या माहेरी कुणाचं तरी मी केलं असणार. थोड्याच वेळात त्यांनी म्हाताऱ्याच्या खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला. बायकोनं ते पाहिलं आणि पहिल्यांदा हसली. म्हणाली, "तुमाले पाहून तो बुढा उद्याच चालत घरी जाईन."

मग तिनं सांगितलं, "मी बी चालली आज. चार पावलं. वॉकर घेऊन."

मला बरं वाटायला हवं होतं. मी विचारलं, "कोणता रॉड टाकला? स्टीलचा का टायटॅनियमचा?"

उत्तर मुलीनं दिलं. "बाबा, नवीन आलाय. कार्बनचा. आईचं हाड ठिसूळ आहे, तिला हाच बरा असं डॉक्टर म्हणाले."

कार्बन म्हणजे कोळसा, एवढं शाळेतलं मला आठवत होतं. मी गप्प बसलो. मी गप्प बसलो की घरात सगळे सावध होतात. मुलगी लगेच म्हणाली, "म्हणूनच तुम्हाला आधी नाही सांगितलं."

डॉक्टर फेरीला आले. चाळिशीचे, तरतरीत, सतत हसणारे. "गुरुजी, छान झालंय. आता एकच काम तुमचं. रोज चालवायचं. पायावर वजन टाकू द्यायचं. घाबरून झोपवून ठेवायचं नाही." मी मान हलवली आणि मनात म्हणालो, हा इतका कशाला हसतो? माझ्या अनुभवात, ज्याचं काम पक्कं असतं तो हसण्यात वेळ घालवत नाही. तिला अमरावतीला आणलं त्या दिवशी फाइल उलगडून पाहिली. ऑपरेशनच्या आधीचा फोटो होता, मोडलेलं हाड स्पष्ट. नंतरचा फोटो नव्हता. मुलगी म्हणाली तो डॉक्टरांनी संगणकावर दाखवला. म्हणजे हातात काही नाही.

दोन दिवस कसेबसे काढले. बायको वॉकर घेऊन खाटेपासून खिडकीपर्यंत जायची, तिथं गजाला धरून गल्ली पाहायची, परत यायची. तिच्या कपाळावर घाम असायचा आणि चेहरा खूश. मी तिच्या मांडीकडे पाहत राहायचो. आत खरंच काही आहे का? शेवटी मी तिला रिक्षात घालून राजापेठेतल्या एका एक्स-रेवाल्याकडे नेलं. ती म्हणाली, "काहून? डॉक्टरनं त महिन्यानं काढाले सांगतला." मी म्हणालो, "माझ्या समाधानासाठी." माझं समाधान हा आमच्या घरात जुना विषय आहे.

एक्स-रे काढणारी बाई तरुण होती. तिनं पडद्यावर पाहिलं, मान तिरकी केली, पुन्हा पाहिलं. "काका, रॉड टाकला म्हणता ना तुमी?"

"म्हणजे?"

"मले त दिसून नाही राहिला. खाली हा एक स्क्रू दिसते बारका. बाकी काही नाही. साहेब सहा वाजता येतात, तोवर बसता का?"

मी बसलो नाही. बसायला हवं होतं. सहा वाजायला अडीच तास होते आणि ते अडीच तास मी बसलो असतो तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती. मी फिल्म घेतली, दारात उजेडाला धरली. मांडीचं हाड, खुब्याचं हाड, मधली मोडलेली जागा. राखेत मी डोळे मिटून ओळखला असता तो रॉड कुठेच नव्हता. केसाएवढ्या दोन-तीन पांढऱ्या रेघा तेवढ्या होत्या, त्या मला फिल्मवरचे ओरखडे वाटले. नांदगावचे ते गृहस्थ डोळ्यांसमोर उभे राहिले. मला राग आला, पण खरं सांगू, रागाच्या खाली एक समाधानही होतं. मला वाटलंच होतं, असं ते समाधान.

घरी येऊन मी वॉकर उचलला आणि कपाटामागे नेऊन ठेवला.

"आत काहीच नाही," मी बायकोला सांगितलं. "चीर मारून शिवून टाकलं. पाय टेकवला की हाड पुन्हा मोडेल, आणि या वेळी कायमचं. मी छडा लावतो, तोवर उठायचं नाही."

"पण मी त चालली."

"नशिबानं."

हा शब्द बोललो आणि तिचा चेहरा उतरला. आतापर्यंत जो पाय तिला आपला वाटत होता तो त्या शब्दानं परका झाला. संध्याकाळी म्हणाली, "आतून पोकळ वाटते आता." मी म्हणालो, "बघ, तुलाही कळलं." मी तिच्या भीतीला पुरावा समजलो.

मग पितृपक्ष लागला. माझ्यासारख्याला वर्षातले हे पंधरा दिवस श्वास घ्यायला फुरसत नसते. सकाळी एका घरी, दुपारी दोन घरी, कधी चांदूर रेल्वे, कधी बडनेरा. अकोल्याला जायला वेळ नव्हता असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मला घाईही नव्हती. डॉक्टरला फोन करून विचारलं असतं तर दोन मिनिटांत झालं असतं. पण चोराला आधी विचारून सावध करायचं नसतं, असं माझं मत. त्याऐवजी मी ती फिल्म पिशवीत घालून फिरत होतो. श्राद्धाच्या जेवणानंतर यजमानांच्या घरात कोणी औषधाच्या दुकानात कामाला असेल, कोणी कंपाउंडर असेल, त्याला दाखवायचो. सगळे माझ्यासारखेच अज्ञानी. "रॉड नाहीच हो महाराज याच्यात," असं प्रत्येक जण सांगायचा आणि माझी केस भक्कम व्हायची.

घरात ती पडून होती. शेजारच्या वहिनी दिवसा येऊन लघवीचं भांडं द्यायच्या, अंग पुसायच्या. मुलीनं अमरावतीतल्याच एका व्यायाम शिकवणाऱ्या मुलीला पाठवलं होतं, तिला मी 'ती आपली आपणच चालते' असं सांगून दारातूनच परत लावलं. आठवड्याभरात बायकोचं जेवण अर्ध्यावर आलं. पाठीच्या खाली कातडी लाल झाली. पोटरी हातात धरली तर आत काही उरलंच नाही असं वाटायचं. जी बाई नवरात्राआधी उभ्यानं सगळं घर झाडून-पुसून काढायची तिला कूस बदलायला दुसऱ्याचा हात लागायचा. मी हे सगळं पाहत होतो आणि याचाही दोष डॉक्टरच्या खाती टाकत होतो.

मुलगी रोज फोन करायची. "बाबा, आई चालते ना?"

"चालते."

"किती?"

"खिडकीपर्यंत."

आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं पकडण्यात घालवलेल्या माणसाला ते बोलताना जीभ अडखळली नाही. बायको खाटेवरून ऐकत असायची. तिनं एकदाही फोन मागून घेतला नाही. का, ते मला तेव्हा कळलं नाही. नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, "तुमाले पोरीसमोर खोटं कसं पाडू?"

सर्वपित्री अमावस्या झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडून मी अकोल्याला गेलो. पिशवीत फिल्म, डोक्यात वाक्यं तयार. पोलिसात जाईन, पेपरात देईन, कलेक्टरकडे जाईन. मूर्तिजापूर येईपर्यंत मी ती तीनदा म्हणून पाहिली.

डॉक्टरांनी मला लगेच आत घेतलं. मी बसलो नाही. फिल्म टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "दाखवा रॉड."

त्यांनी ती उजेडाच्या काचेवर लावली. मला वाटलं आता त्यांना घाम फुटेल. त्यांनी पेनचं टोक त्या केसाएवढ्या रेघांवर ठेवलं. "हे बघा. हे ओरखडे नाहीत गुरुजी, तारा आहेत. रॉड फोटोत दिसत नाही, म्हणून कंपनी त्यात या बारीक तारा घालते. रॉड कुठून कुठपर्यंत आहे ते त्यावरून कळतं." मग कपाटातून त्यांनी एक नमुना काढून माझ्या हातात दिला. काळा, गुळगुळीत, उदबत्तीच्या पुड्याएवढा हलका. "धातूचा रॉड फोटोत पांढरा पट्टा होऊन येतो आणि मागचं हाड झाकून टाकतो. हा आड येत नाही. आणि स्टील फार कडक असतं, त्यांच्या ठिसूळ हाडात हा जरा लवणारा बरा, असं मला वाटलं. मुलीला सगळं समजावून सांगितलं होतं."

"तारा आहेत म्हणून रॉड आहे कशावरून? तारा सुट्याही घालता येतात."

त्यांचं हसू गेलं. "सीटी स्कॅन करा. त्यात दिसेल. त्यांना घेऊन या, मी स्वतः दाखवतो."

मी रॉड हातात फिरवत होतो. इतका हलका रॉड मी राखेत कधी पाहिला नव्हता. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चितेत याचं काय होतं?"

"काय म्हणालात?"

"अग्नी दिल्यावर. राख सावडताना हा सापडतो का?"

डॉक्टरांनी पेन टेबलावर ठेवलं. मग सावकाश म्हणाले, "हे मला आजवर कोणी विचारलं नाही. बहुतेक जळून जाईल. फार तर तारा आणि तो स्क्रू उरेल. खात्रीनं नाही सांगत, माहीत नाही. गुरुजी, हा प्रकारच नवीन आहे. दहा वर्षांनी कसा वागेल तेही आम्ही बघतोच आहोत."

माहीत नाही, असं म्हणणारा डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिला. आणि गंमत अशी की त्या एका वाक्यावर माझा विश्वास बसला. पण त्याच क्षणी मला दुसरंही उमगलं. मी तिथं हातात रॉड घेऊन उभा होतो तो माझ्या बायकोच्या राखेपाशी उभा होतो. ती जिवंत होती, घरी खाटेवर पडून माझी वाट पाहत होती, आणि मी तिच्या मांडीच्या जागी हात घालून चाचपत होतो. मला खुर्चीवर बसावं लागलं.

डॉक्टर म्हणाले, "बरं, त्या कितपत चालतात?"

"चालत नाहीत."

"म्हणजे?"

"मी उठू दिलं नाही. एकोणीस दिवस."

मला वाटलं ते ओरडतील. ते आवाज न चढवता बोलले, तेच जास्त लागलं. "गुरुजी, रॉड कशासाठी टाकतो आम्ही? दुसऱ्या दिवशी उभं राहता यावं म्हणून. म्हाताऱ्या माणसाला मोडलेलं हाड मारत नाही, खाट मारते. लोखंडाचा टाका, सोन्याचा टाका, झोपवूनच ठेवायचं असेल तर कशालाच अर्थ नाही. तुम्ही त्यांना परत चालवा. आज. स्कॅन नंतर बघू."

परतीच्या गाडीत मी ती फिल्म गुंडाळून मांडीवर धरली होती. समोरच्या माणसानं विचारलं, "कोण पेशंट आहे का?" मी म्हणालो, "हो. मीच."

घरी पोचलो तेव्हा उन्हं उतरत होती. शेजारच्या वहिनींना जायला सांगून मी खाटेजवळ स्टूल ओढलं आणि बायकोला सगळं सांगितलं. तारांचं, नमुन्याच्या रॉडचं, सीटी स्कॅनचं. आणि लपवायचं नाही असं ठरवूनच आलो होतो म्हणून ते चितेचंही सांगितलं.

तिची नजर वर पंख्याकडे होती.

"म्हंजे मी मेली असती," ती म्हणाली, "त तुमी राख सावडून पाह्यलं असतं, रॉड हाय का नाही."

मी फिल्मची गुंडाळी खाटेखाली सरकवली.

"आन् त्याच्यात बी सापडला नसता. मंग मी मेल्यावर बी तुमची खात्री नसती झाली." मग तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "त्या नांदगाववाल्याच्या पोराइले तुमी इचारलं होतं का कधी? का बा, दुसरा रॉड कुठं हाय म्हणून?"

"नाही."

"काढून बी घेतला असन डॉक्टरनं आधी. इचारलं असतं त सांगतलं असतं त्याइनं. तुमाले इचारायचं नसतेच. तुमाले फक्त मनात धरून बसायचं असते."

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ती मला इतकं सरळ कधी बोलली नव्हती. मला रडू आलं आणि मी ते दाबलं नाही. ती म्हणाली, "रडू नोका. वॉकर आणा."

वॉकर कपाटामागून काढला तेव्हा त्यावर कोळ्यानं जाळं केलं होतं. धोतराच्या सोग्यानं पुसून मी तिच्यासमोर ठेवला. तिला बसवायलाच दहा मिनिटं लागली. उभी राहिली तेव्हा पाय लटलट कापत होते, दोन्ही, मोडलेला आणि धडही. मी दोन्ही हात पसरून समोर उभा होतो आणि कान हाडाकडे लावून होतो, कधी कट् असा आवाज येतो म्हणून. स्वभाव काय अर्ध्या दिवसात जातो?

"बाजूले व्हा," ती म्हणाली. "तुमच्याकडं पाह्यलं की मले भेव वाटते. भिंतीकडं तोंड करून उभे राहा."

मी भिंतीकडे तोंड केलं. मागे वॉकर उचलल्याचा आणि टेकवल्याचा आवाज आला. मग पाय ओढल्याचा. मग तिचा श्वास. त्या दिवशी ती दोन पावलं चालली. ऑपरेशननंतर दोनच दिवसांनी चार चालली होती.

पुढचं सगळं सावकाश झालं. दारातून परत लावलेल्या त्या मुलीच्या घरी जाऊन मी माफी मागितली, ती रोज येऊ लागली. महिन्यानं बायको खिडकीपर्यंत गेली. संक्रांतीच्या आसपास वॉकर सुटून काठी आली. मधे अकोल्याला फोटो काढला तेव्हा डॉक्टरांनी मोडलेली जागा दाखवली, हाड छान भरून आलं होतं आणि खरंच, काहीही आड न येता दिसत होतं. सीटी स्कॅनचं त्यांनी विचारलं. बायको माझ्याकडे पाहू लागली. मी नको म्हणालो. ते मोठेपण नव्हतं. मला आता बघायची भीती वाटत होती, रॉडची नाही, आणखी एकदा बघायला मागणाऱ्या माझी.

पण मांडीतला जो जोर त्या एकोणीस दिवसांत गेला तो पूर्ण परत आला नाही. ती लंगडते. उजवं पाऊल ठेवताना कमरेतून एक हिसका बसतो. डॉक्टर म्हणाले, इतकं राहीलच.

परवा चांदूर बाजारचा तो शेतकरी आला होता, कावळा तासभर न शिवलेल्या घरचा थोरला. वडिलांच्या वर्षश्राद्धाची तिथी विचारायला. बायकोनं आतून पाणी आणलं, काठीशिवाय, तांब्या सावरत. त्यानं तिचं चालणं पाहिलं आणि ती आत वळताच चुकचुकला.

"महाराज, आईच्या पायाचं काम बिघडवलं वाटते कोण्या डॉक्टरनं. काय टाकतात अन् काय नाही, काही भरवसा नाही राह्यला. कोणता होता तो? नाव सांगा, आमी सावध राहू."

आत भांड्यांचा आवाज थांबला. मला माहीत होतं ती दाराआड उभी आहे, आणि हेही माहीत होतं की मी काहीही सांगितलं तरी ती मला खोटं पाडणार नाही.

"डॉक्टरचं काम चोख हाय," मी म्हणालो. "बिघडवलं ते मी. चालत्या बाईले एकोणीस दिवस खाटेवर पाडून ठेवलं, आत रॉड नाही म्हणून."

त्यानं तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. तसं मी आजवर डॉक्टरांकडे पाहत आलो होतो. मग त्यानं मी लिहून दिलेला तिथीचा कागद घडी करून खिशात घातला आणि आत डोकावून तिला म्हणाला, "येतो आई, जपून चाला."